सहृदय की हेर? : शोस्ताकोविचच्या संगीताचे दोन वाचक

१

दडपशाहीच्या काळात निर्माण झालेली कलाकृती कशी वाचावी, याविषयी आपल्या समीक्षाव्यवहारात एक रीत रूढ झाली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही गृहीतके आहेत याचेही भान आता राहिलेले नाही. रीत अशी : कलावंत सत्तेच्या धाकात होता, त्याला उघड बोलता येत नव्हते, म्हणून त्याने आपले खरे म्हणणे कलाकृतीत दडवून ठेवले, आणि ते शोधून काढणे हे समीक्षकाचे काम. या रीतीला सांकेतिक लिपी उलगडण्याची रीत म्हणता येईल. तिचे सर्वांत ठळक आणि सर्वांत लोकप्रिय उदाहरण म्हणजे सोव्हिएत रचनाकार दिमित्री शोस्ताकोविच (१९०६-१९७५) याच्या संगीताविषयी गेल्या साडेचार दशकांत झालेले लेखन.

ही रीत कलावंताच्या बाजूची आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. लिपी उलगडणारा समीक्षक आणि सेन्सॉर हे दोघे एकाच कानाने ऐकतात. संगीतातून एक राजकीय विधान निघते, ते शब्दांत मांडता येते आणि त्या विधानावरून कृतीचे मोल ठरते, ही तिन्ही गृहीतके दोघांना मान्य आहेत. फरक एवढाच की एक त्या विधानासाठी शिक्षा देतो आणि दुसरा शाबासकी. या भूमिकेचा प्रतिवाद करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मी श्रोता आहे, अभ्यासक नव्हे. मराठीच्या अध्यापकाने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर इतकेच की वाद संगीतशास्त्राचा नाही, अर्थमीमांसेचा आहे. शिवाय तो आपल्या वर्गातही रोज चालू असतो. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'ला १९७५च्या आणीबाणीवरचे रूपक ठरवणारी उत्तरपत्रिका मी तपासली आहे. कालगणनेची ती चूक विद्यार्थ्याची असेल. पण 'हे नाटक नेमके कोणाविरुद्ध आहे?' एवढा एकच प्रश्न विचारण्याची सवय त्याला आपण लावली आहे.

२

प्रथम घटनाक्रम. शोस्ताकोविचचा 'म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा जानेवारी १९३४मध्ये लेनिनग्राड आणि मॉस्को येथे दोन दिवसांच्या अंतराने रंगभूमीवर आला आणि दोन वर्षे यशस्वीपणे चालला. २६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिनने तो पाहिला. २८ जानेवारीच्या 'प्रावदा'त 'संगीताऐवजी गोंधळ' या मथळ्याचा निनावी लेख आला. लेखाखाली नाव नव्हते, म्हणून तो पक्षाचा आवाज ठरला. दहा दिवसांच्या आत, ६ फेब्रुवारीला, त्याच्या एका बॅलेवर दुसरा लेख आला. त्याच वर्षाच्या अखेरीस चौथी सिम्फनी तालमी चालू असताना मागे घेण्यात आली. ती प्रथम ऐकू आली ३० डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

या नियंत्रणाची यंत्रणा समजून घेतली पाहिजे, कारण 'सेन्सॉर' म्हटले की आपल्यासमोर लाल पेन्सिल घेतलेला एक कारकून उभा राहतो. तसा कारकून होताच. पण खरी सत्ता त्याच्या हाती नव्हती. एप्रिल १९३२च्या पक्षठरावाने कलावंतांचे स्वतंत्र गट बरखास्त झाले आणि रचनाकारांचे संघ निघाले. पुढे रचनेची मागणी, मानधन, घर, विश्रामगृह, छपाई, वादन आणि पारितोषिक हे सारे संघ, शासकीय कला-समित्या आणि पक्ष यांच्या हातून येऊ लागले. नवी रचना प्रथम सहकाऱ्यांपुढे वाजवून दाखवायची, त्यांनी चर्चा करायची आणि मग पुढचे ठरायचे. १९५१ साली शोस्ताकोविचने आपले चोवीस 'प्रेल्यूड आणि फ्यूग' असेच संघापुढे वाजवून दाखवले. बहुतेकांनी ते झोडपले; मारिया युदिना आणि तात्याना निकोलायेव्हा या पियानोवादिका त्याच्या बाजूने बोलल्या. बंदी हे या यंत्रणेचे शेवटचे हत्यार होते. तिचे रोजचे काम सहव्यावसायिकांच्या तोंडून चाले, आणि त्या कामाची भाषा समीक्षेची होती.

त्या भाषेतला मुख्य शब्द होता 'रूपवाद'. मराठी वाचकाला हा शब्द वेगळ्या संदर्भात परिचित आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांना कोणी रूपवादी म्हटले, कोणी त्याचा इन्कार केला. हा वाद मासिकांतून आणि ग्रंथांतून झाला. त्यात हरणाऱ्याची नोकरी गेली नाही. मॉस्कोत रूपवाद ही प्रशासकीय संज्ञा होती. तिची व्याख्या मुद्दामच सैल ठेवलेली होती, कारण व्याख्या पक्की झाली असती तर रचनाकाराला ती पाळून सुटता आले असते. १० फेब्रुवारी १९४८च्या केंद्रीय समितीच्या ठरावात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान, शेबालिन, पोपोव्ह आणि म्यास्कोव्स्की अशी सहा नावे रूपवादी म्हणून आली. या सहांच्या रचना ज्याने ऐकल्या असतील त्याला एवढे तरी कळेल की त्यांना एकत्र बांधील असे कोणतेही रूप नाही. त्यांच्यात समान काही असेल तर ते एवढेच की ते प्रतिष्ठित होते.

३

आता वादाच्या केंद्रस्थानी असलेली पाचवी सिम्फनी पाहू. ती २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कीच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. ते वर्ष अटकसत्राचे होते. शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्स्की जूनमध्ये गोळी घालून मारला गेला होता. बहिणीचा नवरा अटकेत होता, बहीण हद्दपार झाली होती, सासू छावणीत होती. संथ तिसऱ्या भागात सभागृहात लोक रडत होते आणि अखेरीस अर्धा तास टाळ्या चालल्या, असे अनेकांच्या आठवणींत आहे. आणखी एक आठवण लेनिनग्राड फिलहार्मोनिकच्या तेव्हाच्या संचालकाची आहे : या टाळ्या खऱ्या की जमवलेल्या, हे तपासायला मॉस्कोहून दोन अधिकारी आले होते. टाळ्यांचाही अर्थ लावायला माणसे धाडणारी ही राजवट होती, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

सिम्फनीला लवकरच एक बिरुद चिकटले : न्याय्य टीकेला सोव्हिएत कलावंताचे सर्जनशील उत्तर. हे शब्द रचनाकाराचे नव्हते. ते एका पत्रकाराचे होते आणि त्याने ते नाकारले नाहीत. अधिकृत वाचन असे ठरले की नायक दुःखातून जातो आणि अखेरच्या भागातील 'डी मेजर'च्या झगझगाटात आशावादाला पोचतो. पुढे १९७९ साली सोलोमोन व्होल्कोव्ह याने शोस्ताकोविचचे आत्मकथन म्हणून 'टेस्टिमनी' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध केले. त्यात या झगझगाटाचा अर्थ नेमका उलटा सांगितला गेला : तो आनंद जबरदस्तीचा आहे. मग दुसरे अधिकृत वाचन तयार झाले. ब्रिटिश लेखक इअन मॅक्डोनल्ड याने १९९०च्या आपल्या ग्रंथात या सिम्फनीतील, आणि इतरही रचनांतील, जवळजवळ प्रत्येक स्वराकृतीला राजकीय अर्थ नेमून दिला.

दोन्ही वाचने शेजारी ठेवली की त्यांचे नाते दिसते. पहिले म्हणते : हा विजयोत्सव आहे. दुसरे म्हणते : हे विजयोत्सवाचे विडंबन आहे. दोघांच्या मते या संगीताला एक निश्चित उद्देश्य आहे आणि एक निश्चित विधेय. भांडण फक्त होकार-नकाराचे आहे. आता एक साधी गोष्ट पाहा. सिम्फनीच्या छापील आवृत्त्यांत अखेरच्या भागाच्या गतीचे निर्देश जुळत नाहीत. एका निर्देशाप्रमाणे गती दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. १९५९मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनने हा भाग फार जलद वाजवून घेतला. त्याच वर्षी मॉस्कोत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्याच्याच संचालनाखाली ही सिम्फनी सादर केली तेव्हा रचनाकार सभागृहात होता, आणि नंतर मंचावर येऊन त्याने अभिवादन स्वीकारले. म्राविन्स्की आणि पुढे रोस्त्रोपोविच यांनी तोच भाग संथ, जड पावलांनी नेला. जलद वाजवला की जल्लोष आणि संथ वाजवला की जाच, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही गतींत तोच 'ए' हा स्वर तारवाद्यांवर पुन्हा पुन्हा आदळत राहतो, आणि दोन्ही गतींत ऐकणारा अस्वस्थही होतो आणि भारूनही जातो. या दुहेरी अनुभवाचे विश्लेषण करणे हे समीक्षेचे काम. एक बाजू पुसून टाकून दुसरीला 'खरा अर्थ' म्हणणे हे त्या कामातून घेतलेले अंग आहे.

४

व्होल्कोव्हच्या पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न टाळता येत नाही. १९८० साली लॉरेल फे या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिले की त्यातील अनेक परिच्छेद शोस्ताकोविचच्या पूर्वप्रसिद्ध लेखांशी जवळजवळ शब्दशः जुळतात. पुढे टंकलिखिताच्या प्रती तपासल्यावर असेही दिसले की प्रकरणांच्या प्रारंभी असलेल्या त्याच्या सह्या अशा जुन्या मजकुराच्या पानांवर आहेत. १९९८मध्ये व्होल्कोव्हच्या समर्थकांनी जाडजूड ग्रंथ काढला, २००४मध्ये विरोधकांनी. हा वाद संशोधनाच्या पातळीवर चालावा हे योग्यच आहे. माझा आक्षेप त्यातल्या एका पळवाटेला आहे. पुराव्याची बाजू लंगडी पडू लागली की म्हटले जाते : पुस्तक खरे असो वा नसो, संगीतच साक्ष देते. आता संगीत साक्ष देते हे कशावरून? पुस्तकाने शिकवल्याप्रमाणे ऐकले तर. आणि पुस्तक खरे कशावरून? संगीताशी जुळते म्हणून. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. आपल्याकडे लेखकाच्या मुलाखतीवरून कादंबरी आणि कादंबरीवरून लेखकाचे चरित्र सिद्ध करणारे प्रबंध ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा दोष अपरिचित नाही.

या रीतीच्या मुळाशी असलेली सैद्धान्तिक चूक आपल्या परंपरेच्या परिभाषेत अधिक नेमकी सांगता येते. आनंदवर्धनांनी ध्वनीचे तीन प्रकार मानले : वस्तुध्वनी, अलंकारध्वनी आणि रसध्वनी. पैकी पहिल्या दोहोंतील व्यंग्यार्थ प्रसंगी शब्दांनीही सांगता येतो. वस्तू सूचित करता येते तशी ती वाच्यही होऊ शकते. रस मात्र कधीच वाच्य होत नाही. 'शोक' हा शब्द उच्चारल्याने करुणरस निर्माण होत नाही. लिपी उलगडणारा समीक्षक सर्व ध्वनी वस्तुध्वनी समजतो, किंबहुना तो व्यंजनेला लपवलेली अभिधाच समजतो. कुलूप उघडले की आत एक वाक्य सापडेल आणि ते सापडले की काम संपेल, असा त्याचा विश्वास असतो. हा सिद्धान्त काव्याचा आहे, तो संगीताला कसा लावता, या आक्षेपाला उत्तर खुद्द ध्वन्यालोकात आहे. गीताच्या ध्वनींना वाच्यार्थ नसतानाही त्यांतून रसाची अभिव्यक्ती होते, हे आनंदवर्धनांनी तिसऱ्या उद्योतात नोंदवले आहे. म्हणजे वाच्यार्थ नसणे हा अर्थाचा अभाव नव्हे.

आणि वाच्यार्थ नसणे हीच सत्तेची खरी अडचण होती. सत्तेला शब्द लागतात. सोव्हिएत राष्ट्रगीताची चाल पाहा. अलेक्सांद्रोव्हची ही चाल १९४४ साली स्टालिनचे नाव असलेल्या शब्दांसह स्वीकारली गेली. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७७पर्यंत ती शब्दांवाचून वाजत राहिली, कारण ते शब्द अडचणीचे झाले होते. १९७७मध्ये सुधारलेले शब्द आले. आणि २००० साली रशियाने तीच चाल तिसऱ्या शब्दांसह पुन्हा घेतली. तिन्ही वेळा शब्दांत सेर्गेई मिखाल्कोव्हचा हात होता. शोस्ताकोविचच्या 'वनांचे गीत' या १९४९च्या ओरातोरिओचेही असेच झाले. त्याला १९५०मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले. पुढे स्टालिनचे नाव नकोसे झाल्यावर शब्द बदलले आणि स्वर जागच्या जागी राहिले. उलट बाजूने १९६२ची तेरावी सिम्फनी घ्या. 'बाबी यार'च्या ज्यूंच्या कत्तलीवरील कवितेच्या काही ओळी दडपणाखाली येवतुशेन्कोने बदलल्या. स्वरांना कोणी हात लावला नाही. सेन्सॉरला शब्दांचे भय होते, कारण शब्दांवर खटला भरता येतो. स्वरांवर खटला भरायचा तर आधी त्यांचे विधानात भाषांतर करावे लागते. हे भाषांतर करण्याचे काम १९३६ आणि १९४८मध्ये पक्षाच्या समीक्षकांनी केले. आज तेच काम शोस्ताकोविचचे चाहते विनामोबदला करीत आहेत.

५

इथे एक गंभीर आक्षेप येतो. 'तुम्ही म्हणता ते मान्य केले तर आपण पुन्हा शुद्ध कलावादाशी येऊन पोचतो. माणसे छावण्यांत मरत होती आणि तुम्ही रसाच्या गोष्टी करता?' हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लिपीवाद्यांची नैतिक ताकद यातच आहे, हेही मान्य केले पाहिजे. सोव्हिएत प्रचारयंत्रणेने शोस्ताकोविचला आज्ञाधारक नागरिक म्हणून रंगवले होते आणि पाश्चात्त्य समीक्षकांतील बऱ्याच जणांनी ते मुकाट्याने मानले होते. त्या चित्राला तडा देण्याचे श्रेय या मंडळींना द्यावेच लागेल.

परंतु ध्वनिसिद्धान्त संदर्भाकडे पाठ फिरवतो, हे म्हणणे चूक आहे. मम्मटाने व्यंजनेला साहाय्यक म्हणून जी यादी दिली आहे तीत वक्ता आहे, ऐकणारा आहे, प्रकरण आहे, देश आहे, काळ आहे. नोव्हेंबर १९३७मधील लेनिनग्राडचे सभागृह हा पाचव्या सिम्फनीच्या अर्थाचा भाग आहे. ते वगळून ती ऐकता येईल असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की संदर्भ अर्थाला दिशा देतो, तो अर्थाची जागा घेत नाही. त्या सभागृहात रडणाऱ्यांना स्टालिनविरोधी संदेश मिळाला म्हणून ते रडले नाहीत. घरी, कचेरीत, रस्त्यावर ज्या शोकाला जागा नव्हती त्या शोकाला तिथे, सर्वांच्या देखत, जागा मिळाली. टाळ्या मोजणारे दोन अधिकारी अहवालात काय लिहिणार होते? 'लोक रडले' असे लिहिता येत होते. 'लोक अमुक गोष्टीसाठी रडले' असे लिहिता येत नव्हते. तो 'अमुक' शब्द भरून देणे हा आपल्या समीक्षेचा पराक्रम असेल, तर त्या अधिकाऱ्यांचा अपुरा अहवाल आपण पूर्ण करीत आहोत.

दुसरा आक्षेप असा की दडवलेला अर्थ असल्याचे पुरावे आहेतच. होय, आहेत, आणि ते आहेत तिथे ते मानलेच पाहिजेत. जुलै १९६०मध्ये, कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व पत्करण्याचे दडपण असताना, शोस्ताकोविचने आठवे क्वार्टेट लिहिले. त्यावरील अर्पणपत्रिका फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींना आहे. पण १९ जुलैच्या पत्रात त्याने इसाक ग्लिकमन या मित्राला कळवले की आपल्या मृत्यूनंतर आपल्यासाठी कोणी काही लिहील असे वाटत नाही, म्हणून हे आपणच आपल्यासाठी लिहिले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून घेतलेली चार स्वरांची आकृती क्वार्टेटभर फिरते आणि 'लेडी मॅकबेथ'मधील एक सुरावट त्यात येते. इथे सांकेतिक लिपी खरोखरच आहे. पण ती उलगडून हाती काय येते? एक नाव. विधान नाही. त्या नावाचे क्वार्टेटमध्ये काय होते, ते ऐकावेच लागते.

याहून बोलके उदाहरण 'रूपवादविरोधी रायोक'चे. १९४८च्या बैठकांतील भाषणांची ही उघड टवाळी आहे. तिच्यात स्टालिनच्या आवडीचे 'सुलिको' हे जॉर्जियन गाणे आहे, 'रिम्स्की-कोर्साकोव्ह' या नावाचा एका पुढाऱ्याने केलेला चुकीचा उच्चारही आहे. ही रचना त्याने कपाटात ठेवली. तिचा जाहीर प्रयोग झाला तो जानेवारी १९८९मध्ये, वॉशिंग्टनला. उपहासच करायचा तेव्हा शोस्ताकोविचने तो शब्दांत केला आणि दडवून ठेवला, हे यावरून दिसते. मग सभागृहासाठी लिहिलेल्या सिम्फन्यांत तोच उपहास दडलेला आहे असे मानण्याची गरज उरत नाही. त्यांत काही वेगळे चालले असावे, एवढे गृहीत धरण्याइतका आदर आपण त्याला दिला पाहिजे.

६

लिपीवादाचे सर्वांत मोठे नुकसान मात्र सिद्धान्ताचे नाही. ते हिशेबाचे आहे. गुप्त बंडखोराची कथा एकदा मान्य केली की ज्या गोष्टी तिच्यात बसत नाहीत त्या पुसाव्या लागतात.

मार्च १९४९मध्ये शोस्ताकोविचला शांतता परिषदेसाठी न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. तत्पूर्वी स्टालिनने त्याला दूरध्वनी केला होता आणि त्याच्या व इतरांच्या रचनांवरची १९४८ची बंदी उठली होती. परिषदेत निकोलस नाबोकोव्ह याने त्याला जाहीरपणे विचारले की स्ट्राविन्स्कीप्रभृतींची सोव्हिएत पत्रांतील निंदा तुम्हाला मान्य आहे काय. त्याने मान्य असल्याचे सांगितले. सप्टेंबर १९७३मध्ये सखारोव्हच्या निषेधाच्या पत्राखाली त्याचे नाव आले. लिदिया चुकोव्स्कायाने त्याबद्दल त्याला क्षमा केली नाही. लिपीवादी या प्रसंगांना 'मुखवटा' म्हणून बाजूला सारतात. पण मुखवट्याचाही परिणाम होतो. १९७३च्या पत्राचा उपयोग एका जिवंत माणसाविरुद्ध झाला. आणि त्याच काळात रोस्त्रोपोविचने १९७०मध्ये सोल्झेनित्सिनच्या बाजूने खुले पत्र लिहिले होते. १९७४मध्ये त्याला देश सोडावा लागला, १९७८मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले. भीतीने सही करणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार सुरक्षित खुर्चीत बसलेल्या आपल्याला नाही. पण ती सही आणि हे खुले पत्र यांतला फरक पुसण्याचा अधिकार तर मुळीच नाही.

आणि ज्यांची कथाच झाली नाही त्यांचे काय? गाव्रिईल पोपोव्हची पहिली सिम्फनी २२ मार्च १९३५ रोजी लेनिनग्राडमध्ये वाजली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर बंदी आली. बंदी पुढे उठली, पण १९७२मध्ये तो वारला तोपर्यंत ती पुन्हा वाजली नाही. त्याने मग सोपे, मान्य होणारे संगीत लिहिले. त्याला १९४६मध्ये स्टालिन पारितोषिकही मिळाले, आणि दोनच वर्षांनी ठरावात त्याचे नाव आले. अलेक्सांद्र मोसोलोव्हची १९२०च्या दशकातली यंत्रांच्या घरघरीची रचना युरोपभर गाजली होती. १९३६मध्ये त्याला संघातून काढले. १९३७मध्ये अटक आणि आठ वर्षांची शिक्षा झाली. ग्लिएर आणि म्यास्कोव्स्की या त्याच्या गुरूंनी रदबदली केल्यामुळे तो १९३८मध्ये सुटला. त्यानंतरच्या त्याच्या लोकगीताधारित रचनांत पहिला मोसोलोव्ह सापडत नाही. प्रोकोफिएव्ह १९३६मध्ये सहकुटुंब मायदेशी परतला. मार्क्स, लेनिन आणि स्टालिन यांचे शब्द घेऊन क्रांतीच्या विसाव्या वर्धापनदिनासाठी त्याने १९३७मध्ये लिहिलेला कँटाटाही वाजू दिला गेला नाही. तो १९६६मध्ये वाजला, तोही स्टालिनचे शब्द वगळून. फेब्रुवारी १९४८मध्ये, ठरावानंतर दहा दिवसांनी, त्याची पहिली पत्नी लीना हिला अटक झाली. वीस वर्षांच्या शिक्षेपैकी आठ भोगून ती १९५६मध्ये सुटली.

या माणसांच्या कामात लपलेला संदेश शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणून ते लिपीवाद्यांच्या इतिहासात तळटीप होतात. अस्सल प्रतिभा सेन्सॉरला चकवून आपले म्हणणे मांडतेच, अशी जी दिलासा देणारी समजूत या रीतीमागे आहे, तिचा अर्थ उलटा करून वाचला तर असा होतो : ज्याला चकवता आले नाही त्याची प्रतिभा तेवढी अस्सल नव्हती. दडपशाहीने कलेचे खरे नुकसान होत नाही असेच मग म्हणावे लागेल. नियंत्रण करणाऱ्यांना याहून सोयीचा निष्कर्ष मिळणार नाही. पोपोव्हच्या न लिहिल्या गेलेल्या सिम्फन्या हा या इतिहासातला मुख्य पुरावा आहे, आणि तो कोणत्याही लिपीत नाही.

७

आपल्याकडील आणीबाणीची सोव्हिएत राजवटीशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. पण वाचनाची सवय सारखीच आहे, म्हणून शेवटी तिचा उल्लेख करतो. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उघडपणे बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्यांच्या शब्दांचा अर्थ लावावा लागला नाही. नंतरच्या काळात मात्र त्या एकवीस महिन्यांतील अनेक कविता-कथांना पूर्वलक्षी प्रभावाने निषेधाचा अर्थ बहाल झाला. लेखकांनी तो नम्रपणे स्वीकारला आणि आम्ही अध्यापकांनी तो टिपणांत उतरवून घेतला. अशाने उघड बोलण्याची किंमत कमी होते, गप्प राहण्याची लाज झाकली जाते आणि कविता मात्र होती तिथेच, न वाचलेली राहते.

तेव्हा नियंत्रणाखालच्या कलेविषयी लिहिताना तीन हिशेब स्वतंत्र ठेवावेत, अशी माझी मागणी आहे. माणसाने काय केले आणि काय सोसले, याचा हिशेब कागदपत्रांवरून करावा, आणि त्यात सह्याही याव्यात, अटकाही. यंत्रणेने काय नष्ट केले, याचा हिशेब करताना जे लिहिलेच गेले नाही तेही धरावे. आणि कृतीचा हिशेब ती ऐकून, वाचून करावा. पहिल्या हिशेबातली तूट तिसऱ्यातून भरून काढू नये. शोस्ताकोविचने १९४९मध्ये न्यूयॉर्कला दिलेले उत्तर पाचव्या सिम्फनीने खोडले जात नाही; आणि त्या उत्तराने सिम्फनीही उणी होत नाही.

सहृदय हा शब्द आपल्या काव्यशास्त्राने फार जबाबदारीने घडवला आहे. कृतीशी ज्याचे मन समरस होऊ शकते, तो सहृदय. कृतीतून जबानी काढून घेणाऱ्यासाठी मराठीत दुसरा शब्द आहे. ती जबानी आपण कलावंताच्या बाजूने वापरणार आहोत, एवढ्याने तो शब्द बदलत नाही.